तुम्ही विचारलंत म्हणून: एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

लाडवांची कृती सांगितली की प्रश्न येतोच, ‘ताई, तुमची वाटी म्हणजे किती ग्रॅम?’ मी उलट विचारते, वाटीत भरणार काय? माझ्या वाटीत पाणी १६० ग्रॅम मावतं, साखर साधारण १३५, रवा ११०, आणि पिठीसाखर जेमतेम ८०. म्हणून कृतीत नुसतं ‘साखर तीन वाट्या’ लिहिलेलं मला खटकतं. दाणेदार की दळलेली, हे न सांगता गोडी दीडपटीहून जास्त बदलते.

पूर्वी मी सांगायचे, वाटी कुठलीही घ्या, सगळ्याला तीच वापरा म्हणजे प्रमाण चुकत नाही. ते अर्धंच खरं होतं. भाचीला फोनवर बेसन लाडू सांगितले: चार वाट्या बेसन, दीड वाटी पातळ तूप. तिच्याकडची वाटी माझ्याच जोडीतली. तरी लाडू वळल्यावर तासाभरात ताटात बसले. पोरगी रडवेली झाली होती. खोदून विचारल्यावर कळलं, तिने बेसन चाळून चमच्याने अलगद वाटीत घातलं होतं. मी डब्यात वाटी खुपसते आणि वरून दाबते. दोन्ही तऱ्हांनी भरून काट्यावर ठेवलं. माझी वाटी १०० ग्रॅम, तिची ८०. चार वाट्यांना माझं बेसन ४००, तिचं ३२०, आणि तूप दोघींचं तेवढंच, २२० ग्रॅमच्या आसपास. लाडू बसणारच.

धान्य मापाने मोजायचे तेव्हा हे सगळ्यांना ठाऊक होतं. चिपटं, मापटं, शेर, पायली. माप सपाट की शिगोशीग, ते आधी ठरायचं. आणि शेर वजनाचाही होताच, ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम.

तर तुमच्या वाटीचं असं करा. काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. मग बेसन, रवा, मैदा, तांदूळ, तुम्ही रोज भरता तसेच भरून मोजा आणि आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. पातळ तूप आणि तेल पाण्याहून थोडं हलकं, १०० मिलीला ९१-९२ ग्रॅम. दूध जवळपास पाण्याइतकंच. परदेशी कृतीतला कप आपली वाटी नव्हे, तो २४० किंवा २५० मिलीचा. ऑस्ट्रेलियातली कृती असेल तर मोठा चमचाही तपासा, तिथे तो २० मिलीचा असतो, बाकी बहुतेक ठिकाणी १५.

मीठ, सोडा, वेलदोड्याची पूड मात्र चमच्यानेच घ्या. घरातला काटा दोन-तीन ग्रॅमला नीट दाद देत नाही.

भाचीला आता मी कृती ग्रॅममध्येच पाठवते. दिवाळीत तिने लाडवांचा फोटो पाठवला, एकेक गोल, ताठ बसलेला. फक्त मोदकांच्या उकडीला मी अजून वाटीच घेते. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, आणि तांदूळ जुना असेल तर वर दोन चमचे. हे तिला फोनवर सांगता येत नाही, म्हणून गणपतीला तिला चार दिवस आधी बोलावलंय.