भिंतीवरचा खिळा

गेले तीन आठवडे मी एका बाईची चोळी नेमकी कुठल्या पिवळ्याची आहे याच्यात घालवलेत. डच चित्रकार व्हर्मीरचं 'द मिल्कमेड', १६६० च्या आसपासचं, ती दूध ओतणारी बाई, तिचा प्रिंट फ्रेमसकट घ्यायचा होता. ऑनलाइन बघायला गेले तर दर ठिकाणी बाई वेगळी, कुठे नुकती हळद लागलेली तर कुठे चक्क कावीळ झालेली. आणि हा घोळ खुद्द अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमलाही नडलाय बरं का, मूळ चित्र १९०८ पासून त्यांच्याकडेच आहे. नेटवर पिवळ्याढोण कॉप्या इतक्या झाल्या की म्यूझियमच्या दुकानातली बरोबर रंगाची पोस्टकार्डंच लोकांना खोटी वाटायला लागली! आता त्यांनी चांगला मोठा फोटो फुकटच ठेवलाय, मी तो उघडून बसले नि एकेक प्रिंट ताडून बघितला.

पहिला आला तो परतच केला. मूळ चित्र ४५.५ बाय ४१ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ चौकोनी, आणि यांची फ्रेम उभट, मग काय, दोन्ही बाजू छाटून टाकल्या. डावीकडची खिडकीच गायब. तोंडावर उजेड पडलाय पण तो येतोय कुठून याचा पत्ता नाही. वर चकचकीत काच, दुधाच्या धारेवर आमची ट्यूबलाइट.

दुसरा मूळ मापाचाच घेतला, मॅट कागदावर. एक्स्ट्रा लार्जही मिळत होता पण खऱ्यापेक्षा खोटं मोठं, हे काही मनाला पटेना. आई बघून म्हणाली, "एवढंसंच? आणि हिचं दूध ओतून कधी व्हायचं?"

या चित्रात माझी आवडती जागा म्हणजे बाईच्या मागची भिंत. नुसती पांढरी, पण नीट बघितलं तर त्यात एक खिळा आहे, त्याची बारीकशी सावली आहे, आणि खिळे उपटल्यावर राहतात तशी भोकंही आहेत. एवढी महागडी निळाई अ‍ॅप्रनवर ओतणाऱ्या माणसाने भोकंसुद्धा मन लावून काढलीत.

काल ते लावायला मीच हातोडी घेतली. पहिला खिळा वाकडा गेला, उपटला, प्लास्टरचा टवका निघाला. दुसरा बसला. भोक फ्रेमच्या बरोबर वर दिसतंय, आई म्हणतेय पुट्टी भर, मी म्हटलं राहू दे.