मनमाडइतलंच लांब

डिसेंबरातली दुपार. अमळनेरजवळच्या आमच्या गावी काकू अंगणात भरताच्या तयारीला बसल्या होत्या. त्यांची नात दिल्लीत होती, पहाटेच्या विमानाने सॅन फ्रान्सिस्कोला निघायची होती. काकूंनी वांग्यांवरून नजर न काढता विचारलं, "कितलं लांब शे रे भाऊ ते?"

मी मोबाईलवर बघून सांगितलं, जवळपास १२,४०० किलोमीटर. काकू ढिम्म. बारा हजार हा आकडा त्यांना कापसाच्या भावात कळतो, अंतरात नाही. आणि त्यांचं काय चुकलं? जळगावहून मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर आहे, पण ते कोण सांगतं? "रात्री बसलं की सकाळी मुंबई" एवढंच आपण सांगतो.

म्हणून मी वेळ सांगितली. पहाटे चारला सुटेल, तिथे त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरेल.

"मंग मनमाडइतलंच ना!"

आता आली पंचाईत. तिकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागे असतं, म्हणजे पोरगी खरी सोळा तास हवेत असणार, हे समजावताना माझाच गोंधळ झाला. शेवटी मी टोपलीतलं एक वांगं उचललं. आपलं जळगावी भरताचं, हिरवट-पांढरं, चांगलं मुलाच्या डोक्याएवढं. पेनाने एका बाजूला दिल्ली काढली, जवळजवळ पलीकडच्या बाजूला सॅन फ्रान्सिस्को, आणि काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा दोन्हींवर ताणून बांधला. दोरा आडवा पोटावरून गेलाच नाही, सरळ देठाकडे सरकला. नकाशात आपण आडवी रेघ मारतो. खरी जवळची वाट मात्र वर, उत्तर ध्रुवाच्या अंगाने जाते. ते १२,४०० या दोऱ्याचं माप.

पण विमान दोऱ्यावरून जाईलच असं नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने याच मार्गाचं विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. वाट लांबली, तब्बल १५,३०० किलोमीटर झाली. पण वारा पाठीशी, त्यामुळे साडेचौदा तासांतच पोचलं. आधीच्या जवळच्या वाटेपेक्षा लवकर! हे मला तरी नवल वाटलं. काकूंना नाही. त्यांचं म्हणणं, शाळेत जाताना तू वाऱ्याला शिव्या देत सायकल हाणायचास आणि येताना पायडल न मारता यायचास, विसरलास का?

विमानतळ ते विमानतळ मोजणाऱ्या त्या आकड्यांवर माझा तसा राग नाही. त्यांत गावची एसटी, जळगावचा फलाट, दिल्लीतली रात्र आणि तिकडे उतरल्यावरची रांग नसते, एवढंच. काकूंचं अंतर मात्र पोरीने पिशवी उचलली तिथून सुरू झालं होतं. त्यांनी तिच्यासाठी बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचा, डबाही दिला होता.

बोलता बोलता काकूंनी काड्यांचा जाळ केला आणि वांगी त्यावर मांडली. दोरा सोडायचा राहूनच गेला. आधी तो जळाला, मग दिल्ली काळी पडली. सॅन फ्रान्सिस्कोची बाजू जरा कच्चीच राहिली.