वाघांच्या राजधानीतून पट्टेरी भेकाकडे

नागपूरकराला जंगल म्हटलं की पेंच, ताडोबा, जिप्सी आणि गेटची वेळ. जूनमध्ये भेक बघायला आंबोलीला चाललोय म्हटल्यावर शेजारचे काका म्हणाले, "काहून रे, फुटाळा तलावावर बेडकं कमी आहेत काय?" आहेत ना. पण हा तिथे नाही.

हा झॅन्थोफ्रायनी टायग्रिना, आंबोली टोड. कुशीवरच्या पट्ट्यांवरून नावात वाघ आला. शास्त्रीय वर्णन झालं २००९ साली, म्हणजे अगदी परवापरवा. या वंशात दोनच जाती. दुसरा कोयना टोड, दोघेही सह्याद्रीतले. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत आंबोलीचा भेक 'अतिसंकटग्रस्त' आहे.

महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर, तिथून आजऱ्यामार्गे एसटी. रेल्वेतच एक दिवसाच्या वर जातो, तेव्हा रजा धरून काढा. आमची चूक तारखेची झाली. पाऊस सुरू व्हायच्या आधीच पोचलो आणि पहिले दोन दिवस भजी खाण्यात गेले. हे भेक पहिल्या दमदार सरींवरच जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, गोळा होतात, खडकातल्या उथळ डबक्यांत अंडी घालतात, आणि गर्दी लवकरच पांगते. म्हणून तिकीट लवचिक ठेवा आणि मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून "पाऊस लागला का?" विचारूनच निघा.

तिसऱ्या रात्री लागला. टॉर्चच्या उजेडात आधी काहीच दिसेना, नुसता ओला जांभा. मग त्यातलाच एक खडा हलला. अंगठ्याच्या पेराएवढा, मातकट, कुशीवर पिवळसर झाक. शेजारी दुसरा, आणि मग माझ्या बुटापासून वीतभरावर तिसरा. तिथून पुढे अर्धा तास आम्ही पाऊल उचललंच नाही.

इथेच फसगत होते. सोबतचा मित्र म्हणाला, "एवढे तर आहेत बे, संकट कुठे आहे?" संकट संख्येत नाही, जागेत आहे. या जातीचं जग म्हणजे आंबोलीच्या आसपासचा एवढासा टापू. त्यातून घाटाचा रस्ता जातो, आणि धबधब्याच्या गर्दीचा हंगाम नेमका यांच्या विणीचा. सड्यावर गाडी उभी केली तर चाकाखाली एखादं डबकं, म्हणजे वर्षभराची अंडी. पाऊस आठवडाभर ओढला तर डबकं आटतं ते वेगळंच.

सड्यावर गाडी घालू नका. रस्त्यालाच ठेवून चालत जा. अंधार पडल्यावर घाटात गाडी हळू चालवा, रस्त्यावरचा प्रत्येक 'खडा' खडा नसतो. भेक हातात घेऊ नका. डास पळवायचं मलम लावलेल्या हाताने तर नाहीच, त्यांची त्वचा सगळं शोषून घेते. जळवा लागतील, पण मीठ फेकत फिरू नका. लांब मोजे घाला, तरी लागलेल्या जळवा नखाने काढा. बुरशीचे आजार एका पाणथळीतून दुसरीकडे जायला चिखल पुरतो, त्यामुळे निघण्याआधी बूट धुऊन खडखडीत वाळवा. आंबोलीच्या जूनमध्ये बूट वाळत नाहीत, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. दुसरा जोड न्या.

वाटाड्या स्थानिकच घ्या. आमच्या वाटाड्याने पहिल्याच डबक्याशी फ्लॅश बंद करायला लावला. फोटो गचाळ आले. काकांना दाखवला तर म्हणाले, "यात भेक कुठे आहे?"