पॉवरबॉलची शीट: वाटणीचा रकाना सुटला!

चार आठवडे छळणारा 'वाटणी'चा रकाना काल रात्री सुटला, म्हणून लगेच लिहितोय. पॉवरबॉल या अमेरिकन लॉटरीचं तिकीट परवडतं का, ते ही माझी स्प्रेडशीट काढते; 'वाटणी' म्हणजे जॅकपॉट एकाहून जास्त जणांना लागला तर तो विभागणं. बाकीची शीट अशी आहे: २ डॉलरचं तिकीट, जॅकपॉट २९,२२,०१,३३८ मध्ये एक, आणि जॅकपॉट सोडून उरलेल्या बक्षिसांचे मिळून तिकिटामागे सरासरी ३२ सेंट.

अडत होतं एवढंच: मला लागलाच तर हिस्सा किती? सोडतीनंतर जाहीर होणाऱ्या एकूण बक्षिसांच्या संख्येला २४.८७ ने गुणून (तेवढ्या तिकिटांमागे एकाला काहीतरी लागतं) मी विक्री काढतो, तिला त्या २९.२२ कोटींनी भागलं की सरासरी सहविजेते. त्यात स्वतःला मिळवून मी जॅकपॉटला भागत होतो. सरासरी १ आली की थेट निम्मा. हे चूक आहे असं सारखं वाटायचं, पण कुठे ते सापडेना.

काल गॅस स्टेशनच्या पावतीमागे हाताने मांडलं. सरासरी १ असताना दुसरं कुणीच नसण्याची शक्यता ३६.८ टक्के, तेव्हा रक्कम अख्खी. एकच जण असण्याची तेवढीच. अर्धी धरून १८.४. दोघे असण्याची १८.४, तिसरा हिस्सा ६.१. तिघांचे १.५. पुढची चिल्लर धरून बेरीज ६३.२! पन्नास नाही, त्रेसष्ट! सरासरीला 'स' म्हटलं तर (१ वजा ई चा उणे 'स' घात) भागिले 'स'; ई म्हणजे गणितातला २.७१८ हा स्थिरांक. पावती जपून ठेवली आहे.

दुरुस्त शीट लगेच नोव्हेंबर २०२२ च्या २.०४ अब्जांवर चालवली. हप्त्यांऐवजी एकरकमी घेतली तर रोख ९९.७६ कोटी डॉलर, ३७ टक्के फेडरल कर जाऊन ६२.८. तिकिटाचे पैसे निघायला वाटणीनंतर ४९.१ कोटी हवेत, म्हणजे विक्री १५ कोटी तिकिटांच्या वर जाता कामा नये. एवढ्या जॅकपॉटला ती तिथे थांबतच नाही, आणि न्यू जर्सीचा कर मी अजून धरलेलाच नाही. रकाना लालच राहिला, म्हणजे तोटाच.

एक मात्र पक्कं: जाहिरातीच्या फलकावरचा आकडा बघून तिकीट घेऊ नका; तो वर्षानुवर्षांच्या हप्त्यांची बेरीज असतो. जानेवारी २०१६ चा जॅकपॉट १.५८६ अब्जांचा होता, रोख ९८.३५ कोटी. २०२२ मध्ये फलक ४५ कोटींनी फुगला, रोख दीड कोटीही वाढली नाही. ती बेरीज व्याजदरावर फुगते. शीटमध्ये आता फक्त रोख.

आकड्यांबाबत मत तेच. 'हॉट नंबर' सांगणाऱ्या अ‍ॅपवर एक सेंट घालवू नका. चेंडूंना मागची सोडत आठवत नाही. गर्दी मात्र टाळता येते. तिकिटावर १ ते ६९ मधले पाच आकडे आणि वेगळा एक लाल चेंडू असतो; पाचही आकडे ३१ च्या आत पडणं ६६ सोडतींत एकदाच, पण वाढदिवस लावणारे सगळे तिथेच दाटतात. मार्च २००५ मध्ये फॉर्च्युन कुकीतले (चिनी हॉटेलांतल्या बिस्किटातल्या चिठ्ठीवरचे) आकडे लावून ११० जणांना दुसरं बक्षीस लागलं होतं. मी ३२ च्या वरचेच भरतो. बुधवारी नुसता लाल चेंडू जुळला, ४ डॉलर आले. फार बरं वाटलं.

लिहिता लिहिता वाटतंय, पॉवरबॉलच्या मागे कशाला लागायचं? मॅसॅच्युसेट्सच्या कॅश विनफॉल या लॉटरीमध्ये जॅकपॉट २० लाखांवर गेला आणि कुणाला लागला नाही, की पैसा खालच्या बक्षिसांत उतरायचा. मिशिगनच्या सेल्बी दांपत्याने तेच हेरलं होतं. तो खेळ २०१२ मध्ये बंद झाला, पण असा उतार आज कुठल्या राज्याच्या छोट्या खेळात आहे का, ते बघायला हवं. न्यू जर्सीच्या कराचा रकाना पुढे ढकलतो. आधी नियमावल्या वाचायला घेतो. कुणी पेनसिल्व्हेनियाची वाचली असेल तर सांगा.