पहिली बाजू

गुरुवार, रात्री साडेअकरा

दाढेचं काम पाऊण तासात उरकलं. अर्धा गाल बधिर घेऊन मॅनहॅटनच्या रस्त्यावर आले. स्टेशनकडे वळायचं सोडून तिसऱ्या अव्हेन्यूने खाली चालत राहिले आणि तिसाव्या रस्त्याला डावीकडे वळले. २०७ नंबर. सदनिकांची इमारत आहे. एक बाई कुत्रं घेऊन बाहेर आली, माझ्याकडे बघून हसली. मला धड हसताही येईना. पाच-सात मिनिटं उभी राहिले, वर खिडक्यांकडे बघितलं आणि परत फिरले.

एवढंच. घरी कुणाला बोलले नाही. पण रविवारपासून नीट झोप नाही, म्हणून लिहून बघते.

रविवारी अण्णांची पेटी पुसायला घेतली होती. दादाने पाठवलेलं खोकं महिनाभर तसंच पडून होतं. गिरगावची खोली रिकामी करताना त्याने बाकी सगळं देऊन टाकलं, पेटी तेवढी माझ्याकडे धाडली. धाकट्याने आत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझची रेकॉर्ड लावली होती. मी फडक्याने पट्ट्या पुसत होते, दुसऱ्या हाताने सहज भाता हलवला, बोट पांढरी दोनवर होतं. सूर मिळाला. आत वाजत होता तो आणि माझ्या बोटाखालचा, एकच. मग मी पुढची पट्टी दाबली, त्याच्या पुढची. इतक्या वर्षांत दोन-चार सूर उतरलेत, पण बाकीचे मिळत गेले.

ते मिळायला नको होते. त्या रेकॉर्डच्या पहिल्या बाजूशी ही पेटी आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

मामाने ती एलपी आणली तेव्हा मी चौदा वर्षांची, म्हणजे १९८५. अण्णांना जॅझमधलं काही ठाऊक नव्हतं. नाट्यसंगीताच्या साथीत उभा जन्म गेलेला. पण पहिली रचना अर्धी ऐकून होते न होते तोच म्हणाले, हा काफी राग आहे. मग एकदम उठून बसले. ‘अगं, हे सगळे मिळून अर्धा सूर वर सरकले! षड्जच उचलला यांनी!’ आणि थोड्या वेळाने सगळे परत मूळ जागी आले तेव्हा मांडीवर थाप मारली, समेवर मारतात तशी. लगेच पेटी काढली. पांढरी दोन धरली, लागेना. काळी दोन धरली, तिथेही लागेना. सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी उभा होता.

आधी त्यांनी प्लेअरवर संशय घेतला. त्याला वेगाचा एक स्क्रू होता, तो फिरवून पहिली बाजू पेटीला मिळवली. मग दुसरी बाजू लावली तर ती उतरलेली. दुसरी मिळवली की पहिली चढायची. आठवडाभर हेच चाललं होतं. मग पेटीची पाळी. एका पेटीवाल्याकडे नेली, त्याने सूर तपासायच्या फोर्कशी ताडून बघितली आणि बरोबर आहे म्हणून परत दिली. दुसऱ्याकडे नेली. तोही तेच म्हणाला. प्लेअर बरोबर, पेटी बरोबर. मग उरलं काय?

ते मी सांगितलं. म्हणाले, ‘अण्णा, तुमचा कान गेला आता.’

आई आतून ‘असं बोलू नये’ एवढंच म्हणाली. अण्णा रागावले नाहीत. ‘दुसरी बाजू लाव’ म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे त्या रेकॉर्डची दुसरी बाजूच वाजायची.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्यांनी साथीला जाणं सोडलं. गुडघे दुखतात, मांडी घालून बसवत नाही, म्हणाले. गुडघे दुखत होतेच.

रविवारी मी पेटीपुढे तशीच बसून राहिलेली बघून धाकट्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, हे पूर्वी मिळायचं नाही. तो फोनवर शोधून वाचत गेला आणि मी ऐकत गेले. २ मार्च १९५९ ला तिसाव्या रस्त्यावरच्या, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ध्वनिमुद्रित झाल्या. टेपची दोन यंत्रं चालू होती, एक मुख्य आणि एक राखीव. मुख्य यंत्र त्या दिवशी किंचित हळू फिरत होतं. हळू फिरलेली टेप पुढे बरोबर वेगाने वाजवली की सूर चढतो, जवळजवळ पाव सूर. २२ एप्रिलला दुसरी बाजू झाली तेव्हा यंत्र ठीक होतं. रेकॉर्ड मुख्य टेपवरून निघाल्या आणि तीसहून अधिक वर्षं जगभर पहिली बाजू चढी वाजत राहिली. राखीव टेपवरून दुरुस्ती झाली ती १९९२ च्या एका खास आवृत्तीत. १९९७ पासून सगळीकडे बरोबर मिळायला लागली.

अण्णा १९९४ ला गेले.

त्यांचा कान बरोबर होता. चार दिवस हे वाक्य मनात म्हणतेय. भाजी चिरताना, गाडीत, आज दाताच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून पडलेली असताना. त्यांचा कान बरोबर होता, आणि ते ज्याला सांगायचं तो माणूस नाही. आईही नाही. दादाला फोन केला तर तो म्हणाला, ‘तुला अजून आठवतंय ते?’ आणि मग खोलीच्या कागदपत्रांचं बोलायला लागला. त्याचंही बरोबर आहे म्हणा. तिथे आता खड्डा खणलाय. दादाने फोटो पाठवला होता, मी मोठा करून बघितला नाही.

मग मला वाटलं, निदान ती जागा तरी बघावी जिथे हे घडलं. कशासाठी, ते माझं मलाच नीट कळलेलं नव्हतं. आज तिथे उभी राहिल्यावर कळलं की मी माफी मागायला गेले होते, आणि माफी मागायला जागाच नव्हती.

ती जागा मुळात एक जुनं प्रेस्बिटेरियन चर्च होती. कोलंबियाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते घेऊन तिथे स्टुडिओ केला. वादकांमध्ये नुसतं ‘द चर्च’ म्हणूनच ओळखलं जायचं. शंभर फुटांच्या घरातला हॉल, डोक्यावर अतिशय उंच छत. असं सांगतात की तिथले निर्माते मिच मिलर यांनी ताकीद देऊन ठेवली होती: रंग द्यायचा नाही, पडदे हलवायचे नाहीत, लाकडी जमिनीला हात लावायचा नाही, आवाज आहे तसा राहिला पाहिजे. हे वाचून मला भरून आलं. अण्णाही पेटी कुणाला पॉलिश करू द्यायचे नाहीत. तळघरात काँक्रीटची एक लहानशी खोली होती. वरचा आवाज तिच्यात सोडायचा आणि तिची घुमार परत त्यात मिसळायची. एका १९५९ सालातच ही रेकॉर्ड, चार्ल्स मिंगसची एक आणि डेव्ह ब्रुबेकची एक अशा जॅझच्या तीन मोठ्या रेकॉर्ड तिथे झाल्या. माइल्स डेव्हिस वादकांपुढे नुसते आराखडे घेऊन आला होता, काय वाजवायचं ते बहुतेक तिथेच ठरत गेलं. सगळे एका छताखाली, एकमेकांना ऐकत. अण्णांना हे कळलं असतं तर म्हणाले असते, मग ही मैफलच की.

पियानोवादक ग्लेन गूल्डचं वाचल्यापासून तर जास्तच लागलंय. १९५५ च्या जूनमध्ये, उन्हाळ्यात कोट-मफलर घालून, बावीस वर्षांचा गूल्ड त्या हॉलमध्ये जुने संगीतकार बाख यांचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स वाजवायला आला. वडिलांनी बनवून दिलेली ठेंगणी खुर्ची सोबत घेऊन. १९८१ मध्ये तेच बाख पुन्हा वाजवायला तो त्याच हॉलमध्ये आला, त्याच खुर्चीवर बसला. वाजवताना गुणगुणायचा, ते दोन्हीकडे ऐकू येतं. त्या स्टुडिओतल्या अगदी शेवटच्या ध्वनिमुद्रणांपैकी ते एक. मग स्टुडिओ बंद झाला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गूल्ड गेला. सव्वीस वर्षांनी का होईना, आपलं म्हणणं पुन्हा मांडायला त्याला तीच खोली मिळाली.

मला मिळाली नाही, असं वाटत राहिलं. रडू आलं तेही एकाच डोळ्यातून आल्यासारखं वाटलं, दुसरी बाजू अजून बधिर होती.

का बंद केला असेल, हे कळायला फार डोकं लागत नाही. जमाना चोवीस ट्रॅकचा आला. ज्याचा त्याचा माइक तोंडाशी, खोली मुद्दाम मुकी केलेली, घुमार काय ती नंतर यंत्रातून घालायची. वादक वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापलं वाजवून जायला लागले. अशा दिवसांत मॅनहॅटनमध्ये शंभर फुटांची जागा केवळ हवा घुमायला राखून ठेवणं कुणाला परवडणार? पण तो आवाज त्या हवेचाच होता. त्या पहिल्या रचनेच्या सुरुवातीला नुसते पियानो आणि बास बोलतात ना, तिथे दोन सुरांच्या मधली शांतता कोरी नाही. तिला खोली आहे. गिरगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही दारं लावून ते ऐकायचो तेव्हा तो हॉल बंद होऊन चार वर्षं झाली होती. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. एक गेलेली खोली दुसऱ्या खोलीत वाजत होती, आता दुसरीही गेली.

हे लिहितानाच एक आठवलं, म्हणजे आज परत येताना गाडीत सुचलं, तेव्हापासून जरा शांत वाटतंय. त्या दुसऱ्या पेटीवाल्याने विचारलं होतं, ‘सगळे सूर थोडे चढवून देऊ का?’ कानस हातात घेऊनच बसला होता तो. मी अण्णांबरोबर गेले होते. अण्णा नाही म्हणाले. मला तेव्हा वाटलं, पैसे वाचवतायत.

आणि ‘दुसरी बाजू लाव’. ज्याचा कान गेला त्याला दोन बाजूंतला फरक तरी कसा कळला असता? त्यांना स्वच्छ कळत होतं कुठली बाजू बरोबर आहे. का, ते ठाऊक नव्हतं, एवढंच. मला वाटतं त्यांनी माझं बोलणं फारसं मनावर घेतलं नसावं. किंवा घेतलं असेल आणि तरीही कानावरचा विश्वास सोडला नसेल. गुडघ्यांचं मात्र मला अजून नक्की सांगता येत नाही.

मघाशी सगळे झोपल्यावर पहिली बाजू हळू आवाजात लावली. बास विचारतो आणि बाकीचे दोनच ठोक्यांत उत्तर देतात. अण्णा तेवढंच उत्तर पेटीवर द्यायला बघायचे, साथ करताना गायकाची जागा उचलून परत द्यायचे तसं. कधी जमलं नाही. मी आज दिलं. पहिल्यांदा उशीर झाला, दुसऱ्यांदा बरोबर पडलं. मग ते वर सरकले तेव्हा मीही सरकले, काळी दोनवर, आणि त्यांच्याबरोबर परत आले.

पेटी खोक्यात ठेवली नाही. भात्याला डावीकडे चीर आहे, हवा जाते. शनिवारी चामड्याचा तुकडा आणून चिकटवायचा.