पंचनाम्यातले 'स्थानिक नागरिक'

दोन आठवडे झाले तरी तो पंचनामा डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसलो. मी गोव्यात रस्त्यांच्या खात्यात ज्युनिअर इंजिनियर, सत्तरी भागात. लोकांना वाटतं आम्ही मे महिन्यात हॉटमिक्स घालतो आणि जूनमध्ये खड्ड्यांवरून शिव्या खातो. ते आहेच म्हणा. पण पावसाचे चार महिने फोन उशाशी असतो, आणि रात्री वाजला की माझ्याआधी बायको टॉर्च शोधते.

त्या रात्री पावणेदोनला फोन. चोर्ला घाटात केरीच्या वर किंदळाचं झाड बेळगावहून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोवर पडलंय, ड्रायव्हर आत जिवंत आहे. जेसीबी पावसात केरीलाच ठेवतो आम्ही, म्हणून लवकर निघालो. वाटेत दरडीची माती रस्त्यावर. ती बाजूला करेपर्यंत मागे अग्निशमनचा बंब आणि 108 येऊन थांबली, सायरन चालू, लाल-निळे दिवे फिरतायत, आणि सगळ्यांच्या पुढे आमचा पिवळा जेसीबी ढकलत चाललाय. तेव्हा हसूच आलं मला.

वर खोडाचं एक टोक दरडीवर, दुसरं टेम्पोच्या टपावर, मध्ये अधांतरी. असं खोड वरून सरळ कापत गेलं की अर्ध्यात पातं आवळलं जातं आणि मशीन तिथेच अडकतं, कारण वरच्या बाजूला दाब असतो आणि खालच्या बाजूला ताण. आधी वरून थोडीच खाच, मग खालून वर काप. आणि त्याच्याही आधी टेम्पोवरचं टोक वायर रोपने जेसीबीला बांधून घ्यायचं, नाहीतर काप सुटला की तेच टोक केबिनवर बसेल. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही आम्हाला, आमच्या मुकादमाने शिकवलंय, जो सातवी नापास आहे. "सायबा, घाई करू नका, झाड कुठं पळत नाही," म्हणत त्याने रोप दोनदा सोडून परत बांधून घेतला. बंबावरची पोरं चांगली, कटरने दरवाजा फाडून पंधरा मिनिटांत ड्रायव्हर बाहेर काढला त्यांनी. पण खोड हलेपर्यंत त्यांनाही थांबावंच लागलं.

काप सुटला तसा दरडीवरचा तुकडा खाली घसरला. चेनसॉ चालवणारा आमचा रोजंदारीवरचा पोरगा बाजूला झाला, पण एक पाय राहिला. साधा गमबूट. दोन बोटांचा चुरा.

पंचनाम्यात लिहिलंय: 'अग्निशमन दल, 108 व स्थानिक नागरिकांच्या मदतीने'. म्हणजे आम्ही 'स्थानिक नागरिकां'त. हवालदाराला विचारलं तर म्हणाला, साहेब, फॉर्मला तेवढेच रकाने. आता पोराचा खर्चाचा कागद परत आलाय, ड्युटी आठ ते पाच, रात्री पावणेदोनला तिथे काय करत होता असा शेरा मारून. म्हणजे बोलावलं कोणी ते मीच लिहून द्यायचं.

अमेरिकेत 17 डिसेंबर 2003 ला राष्ट्राध्यक्षांचा एक आदेश निघाला, होमलँड सिक्युरिटीचा (देशांतर्गत सुरक्षेचा) आठ नंबरचा, त्यात फर्स्ट रिस्पॉन्डर, म्हणजे संकटात पहिल्यांदा धावून जाणारे, कोण याच्या व्याख्येत पब्लिक वर्क्सवाले, म्हणजे आमच्यासारखे बांधकाम खात्याचे लोक, सरळ नाव घेऊन घातले होते, वर यंत्र चालवणारेसुद्धा. म्हणजे आमचा जेसीबीवाला! आपल्याकडे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात ढिगारा हटवायचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला दिलाय, एनडीआरएफचं कलम आहे, पण रात्री कुदळ घेऊन पहिल्यांदा पोचणाऱ्याला काय म्हणायचं ते काही नाही. आमच्यात नुसत्या नावाने काय होतं असं म्हणणारे साहेब खूप आहेत. नाव नसलं की बूट 'किरकोळ खर्चा'त जातात, हे त्यांना कोणी सांगावं.

आणि माझंही सांगतो. एप्रिलच्या मागणीपत्रात लोखंडी टोपणाचे आठ जोड बूट होते. बजेट तेवढंच, म्हणून ते मी स्वतः खोडले आणि त्या पैशात दोन वायर रोप घेतले. त्यातलाच एक त्या रात्री टेम्पोवरच्या टोकाला बांधला होता. पोराला अजून हे सांगितलेलं नाही.