लाभांशाची वही: रेपो दराचा रकाना भरून झाला

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींच्या या सामायिक वहीत दोन रकाने नव्यानं आले: प्रति शेअर लाभांश रुपयांत, आणि तो जाहीर झाला त्या दिवशीचा रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना अल्पमुदतीचं कर्ज देते तो दर). ‘यील्ड’चा, म्हणजे भावाच्या किती टक्के लाभांश याचा रकाना सगळ्यांत मागे सरकवला आहे, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिला गोंधळ टक्क्यांचा. सोसायटीच्या सभासदाला 12 टक्के लाभांश म्हणजे शंभराच्या भागावर 12 रुपये हे पाठ असतं, कारण तिथं भागाची किंमत शंभरच राहते. शेअर बाजारातली कंपनी ‘500 टक्के लाभांश’ म्हणते ते दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवर. दर्शनी किंमत 2 रुपये असेल तर हातात पडतात 10 रुपये. तोच शेअर 800 ला घेतलेला असला तर परतावा सव्वा टक्का. म्हणून वहीत टक्के लिहायचेच नाहीत, रुपये लिहायचे.

दुसरा गोंधळ जास्त महाग पडतो. शेअर 400 ला, लाभांश 20 रुपये, यील्ड 5 टक्के. भाव 250 वर आला की तेच यील्ड 8 टक्के दिसतं आणि खरेदीचा मोह होतो. कंपनीनं एक पैसाही वाढवून दिलेला नसतो. पुढच्या वर्षी लाभांश 12 वर आला तर 250 वर यील्ड 4.8 टक्के, आणि भाव पडलेला तो वेगळाच. निदान पाच वर्षांचे रुपये आणि त्या त्या वर्षीचा प्रति शेअर नफा शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय यील्डकडे बघू नये. नफ्यापेक्षा लाभांश मोठा दिसला तर तो मागच्या साठवलेल्या नफ्यातून किंवा मालमत्ता विकून आला आहे का, हे आधी शोधावं.

“एफडीला सात टक्के मिळत असताना चार टक्क्यांचा शेअर कशाला?” हा प्रश्न रास्तच आहे. एक लाखावर 7,000 व्याज आणि 4,000 लाभांश. एप्रिल 2020 पासून लाभांशही आपल्याच उत्पन्नात धरला जातो, त्यामुळे 20 टक्क्यांच्या टप्प्यात सेससह 20.8 टक्के कर दोन्हीकडे सारखाच: उरतात 5,544 आणि 3,168. लाभांश दरवर्षी 10 टक्के वाढला तर सहाव्या वाढीनंतर तो 7,000 च्या पुढे जातो. ही वाढ कुणी लिहून देत नाही, आणि मुद्दलही भावाबरोबर खालीवर होतं. दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे एफडीतच बरे. मात्र एफडी बँकेतली आहे की पतसंस्थेतली हेही लिहावं: पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही, पतसंस्थांना नाही.

आता रेपो. 2025 मध्ये तो 6.50 वरून फेब्रुवारीत 6.25, एप्रिलमध्ये 6.00, जूनमध्ये एकदम 5.50 आणि डिसेंबरात 5.25 झाला. “व्याज उतरलं म्हणजे लाभांशाचे शेअर वाढणार” हे ढोबळ गणित कंपनीगणिक बदलतं. बँकांची रेपोशी जोडलेली कर्जं लवकर स्वस्त होतात, जुन्या ठेवी मात्र मुदत संपेपर्यंत जुन्याच दरानं चालतात, म्हणून सुरुवातीला त्यांचा नफा आवळतो. वीज वाहून नेणाऱ्या पॉवर ग्रिडच्या नियंत्रित दरात कर्जावरचं व्याज धरलेलंच असतं, तिथं कपातीचा फायदा बराचसा वीज घेणाऱ्यांकडे जातो. कोल इंडियासारख्या रोकड बाळगणाऱ्या कंपनीचं तर व्याजाचं उत्पन्न घटतं.

व्याजाचा घाव थेट दिसतो तो साखरेत, आणि आपल्याकडे उगार, रेणुका या साखर कंपन्यांची नावं बाजारात नोंदलेली असल्यानं हे नीट बघण्यासारखं आहे. उसाचं बिल नियमानं 14 दिवसांत द्यायचं, साखर विकली जाते वर्षभर. मधली फट खेळत्या भांडवलाच्या कर्जानं भरायची. 31 मार्चला हंगाम सरत आलेला, गोदाम भरलेलं, म्हणून ताळेबंदात कर्ज मोठं दिसतं. ते बघून दचकू नये. शेजारी साखरेच्या साठ्याची किंमत लिहावी आणि सप्टेंबरअखेरच्या ताळेबंदात कर्ज उतरलं का ते ताडावं. सप्टेंबरातही उतरलं नसेल तर पुढच्या लाभांशावर भरवसा ठेवू नये. शिवाय मागचा तोटा भरून काढल्याशिवाय यंदाच्या नफ्यातून लाभांश देता येत नाही, ही कायद्याची अट आहे.

जाता जाता: निपाणीचा तंबाखू विडीचा, सिगारेटचा मुख्यतः व्हर्जिनिया. इथला बाजार पडला म्हणून सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचा लाभांश घटेल असं समीकरण मांडू नये.

तारखांचं सोपं आहे. टी+1 (सौद्यानंतर कामकाजाच्या पुढच्याच दिवशी शेअर खात्यात) आल्यापासून एक्स-डेट (या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश नाही) आणि रेकॉर्ड डेट (या दिवशी कंपनीच्या यादीत नाव असेल त्याला लाभांश) एकाच दिवशी येतात. रेकॉर्ड डेट शुक्रवारी असेल तर खरेदी गुरुवारपर्यंत, मधे सुट्टी असेल तर आणखी आधी. एक्स-डेटला भाव साधारण लाभांशाइतका उतरूनच उघडतो, तेव्हा केवळ लाभांशासाठी आदल्या दिवशी घेण्यात हशील नाही.

एकाच कंपनीकडून वर्षात 10,000 च्या वर लाभांश झाला की 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर (2025-26 पासूनची मर्यादा). 12,000 असतील तर खात्यात 10,800. वहीत 12,000 च लिहायचे, 1,200 वेगळ्या रकान्यात, आणि दोन्ही 26एएसशी (कर खात्याकडच्या आपल्या नोंदीशी) ताडायचे.

जाहीर झालेला लाभांश 30 दिवसांत यायलाच हवा. आला नाही तर आधी डीमॅटला (शेअर ठेवायच्या खात्याला) जोडलेलं बँक खातं बघा. सिंडिकेट बँक एप्रिल 2020 मध्ये कॅनरात गेली आणि तिचे आयएफएससी बदलले. इकडच्या ग्रामीण बँकेचंही मे 2025 मध्ये विलीनीकरण झालं. बदल डीमॅट जिथं आहे त्या डीपीकडे (बँक किंवा ब्रोकरकडे) नोंदवायचा, कंपनीला कळवून भागत नाही. कागदी शेअर असतील तर कंपनीच्या शेअरनोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे आयएसआर-1 फॉर्म, सोबत रद्द केलेला चेक. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअरसुद्धा आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातात, आणि ते सोडवायला आयईपीएफ-5 फॉर्म भरावा लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावचे जुने फोलिओ (कागदी शेअरची खाती) या नजरेनं तपासायचं काम अजून बाकी आहे. ज्यांच्या ट्रंकेत अशी सर्टिफिकेटं असतील त्यांनी फोलिओ नंबर, दर्शनी किंमत आणि कंपनीचं आजचं नाव एवढं तरी पुढच्या नोंदीआधी उतरवून ठेवावं.